एका स्टॉपची किंमत

हौसेला मोल नसतं, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणणाऱ्याने पाण्याखालच्या फोटोग्राफीचं सामान कधी घेतलं नसणार. इथे हौसेला मोल असतं, ते डॉलरमध्ये असतं आणि जोडीने मोजावं लागतं, कारण एका स्ट्रोबवर फार काळ कुणाचं भागत नाही.

आमच्या डायव्हिंगच्या कंपूतल्या एका पुणेकर मित्राने गेल्या वर्षी नवे स्ट्रोब घेतले. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या ब्रेकवॉटरवर, गाडीच्या डिकीला टेकून सात मिलिमीटरचा वेटसूट अंगावरून सोलता सोलता त्याने ते मला दाखवले. काळेभोर, तोंडाने रुंद, पाठीला छोटा पडदा. "तूही घेऊन टाक रे. तुझे आजोबा झाले आता," माझ्या स्ट्रोबकडे बघत तो म्हणाला. माझे बारा वर्षांचे आहेत. कडा घासून पांढऱ्या पडल्यात, एकाच्या बटणावरचं चिन्ह पुसलं गेलंय. त्याचं म्हणणं मनावर घ्यावं की हसण्यावारी न्यावं ते ठरेना, म्हणून त्याच्याकडून एक स्ट्रोब आठवडाभरासाठी मागून आणला.

पाण्याखाली कॅमेरा नेण्याचा नाद ज्यांना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्ट्रोब म्हणजे पाण्यात चालणारा फ्लॅश. कॅमेरा हाउसिंगमध्ये बंद असतो, हाउसिंगच्या दोन बाजूंना सांधे असलेले दोन हात, त्या हातांच्या टोकाला एकेक स्ट्रोब. कॅमेऱ्यातून सुटलेली उजेडाची खूण फायबर ऑप्टिक केबलमधून स्ट्रोबपर्यंत जाते आणि तो लखलखतो. लांबून बघितलं तर खेकड्याने नांग्या उगारल्यासारखं दिसतं. हा सगळा खटाटोप रंगासाठी. पाणी लाल रंग आधी गिळतं. पाच-सहा मीटरखाली लाल जवळजवळ संपतो, मग नारिंगी, मग पिवळा, आणि उरतो निळा किंवा हिरवा. कॅटलिना बेटावरच्या केसिनो पॉइंटला गॅरिबाल्डी नावाचा भडक नारिंगी मासा दिसतो, कॅलिफोर्नियाचा अधिकृत सागरी राज्यमासा. जरा खोल गेल्यावर फ्लॅशशिवाय त्याचा फोटो काढा, तो मळक्या हळदीसारखा येतो.

तर मागून आणलेला स्ट्रोब. आमच्या सॅन होजेच्या सोसायटीतला पोहण्याचा तलाव रात्री नऊला बंद होतो. त्याआधीच्या अर्ध्या तासात तिथे कुणी नसतं. मी शिशाची वजनं लावलेला ट्रायपॉड तळाशी ठेवला, एक मीटरवर करड्या रंगाची पाटी उभी केली, आणि दोन्ही स्ट्रोब आळीपाळीने पूर्ण ताकदीवर उडवले. लेन्सचं अ‍ॅपर्चर एफ/८, आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता १००. नव्याचा उजेड जास्त होता यात शंका नाही. किती जास्त? जवळजवळ एक स्टॉप, म्हणजे साधारण दुप्पट उजेड. मग जुन्याच स्ट्रोबवर आयएसओ १०० चा २०० केला आणि परत फोटो काढला. घरी येऊन दोन्ही फोटो मोठ्या पडद्यावर शेजारी लावले आणि बायकोला विचारलं, फरक दिसतो का? "दोन्हीत पाटी तिरकी आहे," ती म्हणाली.

स्ट्रोबच्या जाहिरातीत गाईड नंबर नावाचा आकडा ठळक छापलेला असतो. अंतर गुणिले अ‍ॅपर्चर म्हणजे गाईड नंबर. इनॉनच्या जुन्या झेड-२४० चा गाईड नंबर २४, त्याच घराण्यातल्या नंतरच्या झेड-३३० चा ३३. सी अँड सीचा वायएस-डी३ सुद्धा ३३ वर. माझी जोडी २४ च्या वर्गातली, मित्राचा स्ट्रोब ३३ च्या. आकडा बघून वाटतं, दीडपटीच्या जवळ गेलो की! पण हे आकडे हवेतले असतात. पाण्यात ते साधारण एक तृतीयांश ते निम्म्यावर येतात. एक तृतीयांश धरू: २४ चे झाले ८, ३३ चे झाले ११. एफ/८ वर, आयएसओ १०० ला, जुना स्ट्रोब एक मीटरपर्यंत पोचतो आणि नवा १.३७ मीटरपर्यंत. फरक सव्वा फुटाचा.

चांगला नवा मोठा स्ट्रोब आज अमेरिकेत ८०० ते १,००० डॉलरच्या घरात जातो. जोडीचे झाले १,६०० ते २,०००, म्हणजे दीड लाख रुपयांच्या आसपास. दीड लाखात सव्वा फूट. हा भाव दादर-पार्ल्याच्या जागांनाही लाजवेल. आणि तेवढंच अंतर पायातल्या फिनचा एक हलका फटका मारून पुढे सरकलं की फुकट मिळतं.

"पण पुढे सरकता येत नसेल तर?" हा रास्त प्रश्न आहे, मासा घाबरतो, बिळातला ऑक्टोपस आत जातो. अशा वेळी लांबून मारलेला जोरदार झोत कामी येईल असं वाटतं. इथे पाणी दुसऱ्यांदा आडवं येतं. अगदी शुद्ध पाणीही एका मीटरमागे लाल उजेडाचा बराच वाटा खातं. मासा एक मीटरवर असेल तर उजेडाला एक मीटर जायचं आणि एक मीटर परत यायचं असतं. या दोन मीटरच्या प्रवासात निम्मा लाल गळतो. मासा दोन मीटरवर असेल तर प्रवास चार मीटरचा, आणि हाती उरतो जेमतेम पाव हिस्सा. निळा मात्र जवळजवळ सगळा परत येतो. आता स्ट्रोबची ताकद दुप्पट केली तर? लालही दुप्पट होतो आणि निळाही. प्रमाण तेच राहतं. फोटो उजळतो, रंग सुधारत नाही. रंग सुधारतो फक्त अंतर कमी केल्याने. हे एकदा डोक्यात बसलं की जाहिरातीतला निम्मा मजकूर आपोआप गळून पडतो.

आणि गढूळपणाचं काय? मॉन्टेरेला दृश्यता बऱ्याचदा तीन ते दहा मीटर असते; आपल्या मालवण-तारकर्लीला डायव्हिंग केलेल्यांना हे पाणी लगेच ओळखीचं वाटेल. पाण्यात तरंगणारे कण उजेड परत कॅमेऱ्याकडे फेकतात आणि फोटोभर पांढरे ठिपके उमटतात. त्याला बॅकस्कॅटर म्हणतात. आंबोली घाटात धुक्यात गाडी चालवली असेल तर हा अनुभव तुम्ही घेतलेला आहे. पुढचं दिसेना म्हणून नवखा ड्रायव्हर अप्पर मारतो, आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. जुना ड्रायव्हर डिप्परवर येतो, फॉग लॅम्प खाली लावतो. स्ट्रोबचं हुबेहूब तेच. ताकद वाढवली की कणही तितकेच उजळतात. उपाय स्ट्रोबच्या जागेत आहे: हात बाजूला लांब, स्ट्रोब लेन्सच्या जरा मागे, तोंड किंचित बाहेर वळवलेलं, म्हणजे झोताची नुसती कड विषयावर पडते आणि लेन्ससमोरचं पाणी अंधारात राहतं. त्यात पाण्याखाली वस्तू असते त्याच्या तीन चतुर्थांश अंतरावरच भासते. नवखा माणूस भासणाऱ्या माशाकडे स्ट्रोब वळवतो, झोत खऱ्या माशाच्या अलीकडे एकत्र येतो, आणि मधलं पाणीच झगमगतं. मॉन्टेरेत या सामानाचं एक नामवंत दुकान आहे, नावच बॅकस्कॅटर. आपल्या धंद्यातल्या सगळ्यात मोठ्या दोषाचं नाव दुकानाला द्यायला विनोदबुद्धी लागते.

मग ताकदीचं एवढं वेड आलं कुठून? ते वेड एके काळी शंभर टक्के खरं होतं. फ्रान्समध्ये लुई बुताँने १८९३ साली पाण्याखाली फोटो काढायला सुरुवात केली तेव्हा त्याने एका पिंपावर स्पिरिटचा दिवा ठेवून त्याच्या ज्योतीवर मॅग्नेशियमची पूड फुंकली. १९२६ साली फ्लोरिडाच्या ड्राय टॉर्टुगाजमध्ये विल्यम लाँगली हा मत्स्यशास्त्रज्ञ आणि नॅशनल जिओग्राफिकचा छायाचित्रकार चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखालचा पहिला रंगीत फोटो काढला, हॉगफिशचा. त्या काळच्या रंगीत फोटोंच्या ऑटोक्रोम काचा इतक्या मंद होत्या की त्यांना तराफ्यावर मॅग्नेशियमच्या पुडीचा एकेक पौंडाचा स्फोट करावा लागे. १९२७ च्या जानेवारी अंकात ते फोटो छापून आले. एका माशाच्या चेहऱ्यावर उजेड पाडायला अर्धा किलो दारूगोळा! पुढे एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टनने इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला आकार दिला आणि १९५३ पासून समुद्रसंशोधक कुस्तोबरोबर तो समुद्रात नेला. जहाजावरचे लोक त्याला 'पापा फ्लॅश' म्हणत. १९८४ च्या निकोनोस-५ या पाण्याखालच्या कॅमेऱ्याने फ्लॅशचं मोजमाप लेन्समधूनच करायची सोय हौशी माणसाच्या हातात दिली. पण फिल्म तीच मंद. कोडाक्रोम ६४, वेल्व्हिया ५०. ५० आयएसओच्या फिल्मवर एफ/११ ने फोटो काढायचा तर अर्ध्या स्टॉपसाठीही माणूस जीव टाकायचा, आणि म्हणून स्ट्रोब नारळाएवढे मोठे आणि तितकेच जड असायचे.

आज माझ्या कॅमेऱ्यात आयएसओ ४०० वर काढलेला फोटो छापून भिंतीवर लावला तरी दाणा दिसत नाही. ५० वरून ४०० म्हणजे तीन स्टॉप. आठपट उजेड, स्ट्रोब न बदलता. त्यावर एप्रिल २०२३ मध्ये अडोबीने लाईटरूममध्ये एआय-आधारित डिनॉइज आणलं, तेव्हापासून आयएसओ १६०० सुद्धा चालून जातो. ताकदीची भूक कॅमेऱ्यानेच भागवली आहे. कॅमेरे पुढे गेले आणि सल्ले मात्र फिल्मच्या काळात राहिले, असं माझं मत आहे.

स्ट्रोबच नको म्हणणारा एक पंथही आहे. डेर्या अक्कायनाक या समुद्रशास्त्रज्ञ बाईंनी ताली ट्राइबित्झ यांच्यासोबत २०१९ मध्ये 'सी-थ्रू' नावाची पद्धत मांडली. प्रत्येक बिंदू कॅमेऱ्यापासून किती लांब आहे ते काढायचं आणि त्या अंतरात पाण्याने काय खाल्लं ते गणिताने परत भरायचं. प्रवाळांच्या नोंदी ठेवणाऱ्यांना याचा मोठा उपयोग आहे. आपल्यासारख्याला नाही, गणित झालं तरी कॅमेऱ्यात लाल उजेड पोचलेलाच नसेल तर भरणार काय? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! तीच गोष्ट व्हिडिओ लाइटची. सतत जळणारा दिवा व्हिडिओला हवाच, पण सेकंदाच्या हजाराव्या भागात स्ट्रोब जेवढा उजेड ओततो त्याच्या आसपासही तो जात नाही. शिवाय तोंडासमोर सतत धरलेला दिवा माशाला आवडत नाही. लग्नात व्हिडिओवाल्याच्या हॅलोजनसमोर उभी राहिलेली नवरी आठवा.

इथवर वाचून वाटेल की मी मित्राचा स्ट्रोब तुच्छतेने परत केला. तसं झालं नाही. त्या शनिवारी आम्ही ब्रेकवॉटरला उतरलो. मी डाव्या हातावर त्याचा नवा लावला होता, उजव्यावर माझा जुना. बंधाऱ्याच्या दगडांवर सी लायन पसरलेले असतात. अमेरिकेत १९७२ च्या कायद्यानुसार समुद्री सस्तन प्राण्यांना त्रास देणं गुन्हा आहे, त्यामुळे आपण त्यांच्या मागे जायचं नाही; पण ते आपल्या मागे येतात, त्यांना कायदा लागू नाही. एक तरुण मादी खालून आली, माझ्या फिनला चावली, गिरकी घेऊन हाउसिंगच्या काचेसमोर तोंड आणलं आणि फुस्सकन बुडबुडे सोडले. मी बटण दाबतच राहिलो. पाच सेकंदांत सहा फोटो.

घरी पाहिलं. पहिल्या फोटोत ती दोन्ही बाजूंनी उजळलेली, मिशांचा केस न् केस मोजावा. दुसऱ्यात फोटोतला डावा गाल लख्ख आणि उजवा काळोखात. तिसऱ्यातही तसंच. चौथ्यात परत दोन्ही बाजू, पाचव्या-सहाव्यात पुन्हा अर्धाच चेहरा. माझा जुना पूर्ण ताकदीवर उडाला की परत भरायला दोन-अडीच सेकंद घ्यायचा. नवा तोपर्यंत तीनदा उडून मोकळा. स्ट्रोब बदलण्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मला तिथे मिळाला, एका प्राण्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर.

हे घडतं कसं? जास्त ताकदीच्या स्ट्रोबला जुन्याच्या पूर्ण झोताएवढा उजेड द्यायला आपली निम्मीच शक्ती लागते, आणि निम्मी शक्ती भरून यायला वेळही तसाच कमी. म्हणजे तो एक जादा स्टॉप अंतरावर उधळला तर सव्वा फूट मिळतो, वेळेवर खर्च केला तर तीन फोटो मिळतात. दुकानात कुणी हे असं सांगत नाही. सगळे गाईड नंबर सांगतात. तुमचे विषय सी लायन, डॉल्फिन, शिकार करणारे मासे, असे पळते असतील तर विचारायचा पहिला प्रश्न हा: निम्म्या ताकदीवर परत भरायला किती वेळ, आणि सलग वीस फोटोंनंतर किती? कारण चार एए सेलवर चालणारे स्ट्रोब सेल तापले की मंदावतात. अलीकडे त्या बॅकस्कॅटर दुकानाचा एचएफ-१ किंवा स्लोव्हेनियाच्या रेट्राचे वरच्या वर्गातले स्ट्रोब निघाले आहेत. त्यांतली खरी सुधारणा मला या भरून येण्याच्या वेगात दिसते.

ताकद ताकद म्हणून लागते अशी एक जागा मात्र उरतेच, आणि ती म्हणजे सूर्य. फोटोत वर तळपता सूर्य हवा, त्याची किरणं फुटलेली दिसायला हवीत, आणि खाली गॅरिबाल्डी नारिंगीही हवा. सूर्य जळू नये म्हणून शटर १/२५०, एफ/१६ किंवा एफ/२२, आयएसओ १००. आता स्ट्रोबची स्पर्धा थेट सूर्याशी आहे. इथे आयएसओ वाढवायची पळवाट नाही, कारण तो वाढवला की सूर्यही वाढतो. केल्प या उंच समुद्री शैवालाच्या जंगलातून उतरणारे किरणांचे खांब ज्यांना टिपायचेत, त्यांनी खुशाल मोठे स्ट्रोब घ्यावेत. त्यांना दुसरा मार्ग नाही. यालाच जोडून उजेडाच्या छटेचा मुद्दा येतो. स्ट्रोबचा उजेड जरा पिवळसर असेल, ५,८०० केल्विनऐवजी ४,८०० च्या आसपास, तर त्याला पांढरा धरून कॅमेरा बाकीचं चित्र निळ्याकडे ढकलतो आणि मागचं पाणी गहिरं निळं होतं. इंडियानापोलिसच्या आयकेलाइट कंपनीच्या स्ट्रोबचे चाहते इतके निष्ठावान असतात ते या उबदार उजेडामुळे आणि गोल नळीतून पसरणाऱ्या मऊ झोतामुळे. पण हीच छटा जुन्या स्ट्रोबवर रंगीत डिफ्यूझर चढवूनही बरीचशी साधते. तो थोडासा उजेड खातो, पण खिसा खात नाही.

बारीक जिवांच्या फोटोग्राफीत, म्हणजे मॅक्रोत, ताकदीचा प्रश्नच येत नाही. फ्लोरिडाच्या रिव्हिएरा बीचला ब्लू हेरॉन ब्रिज नावाचा पूल आहे. त्याच्याखाली भरतीचं पाणी थांबतं त्या तासा-दीड तासात, फार तर सहा मीटर खोलीवर, समुद्री घोडे, फ्रॉगफिश, नखाएवढ्या रंगीत समुद्री गोगलगायी म्हणजे न्युडिब्रँक सापडतात. तिथे स्ट्रोब विषयापासून वीतभर लांब असतो. पंधरा सेंटीमीटरवर माझा 'आजोबा' सुद्धा एफ/२२ ला पुरून उरतो. तिथे हवा असतो आकार दिलेला उजेड. स्नूट म्हणजे झोताला आवळणारी नळी. तिच्यातून रुपयाएवढा उजेडाचा ठिपका पडतो, न्युडिब्रँक उजळतो आणि भोवतालची कचरा-वाळू काळोखात जाते. एका सेलवर चालणारा बॅकस्कॅटरचा छोटा एमएफ-१ आणि त्याचा स्नूट लोकप्रिय झाला तो यामुळे. मॅक्रोवाल्याने जोडी बदलण्यापेक्षा हा तिसरा छोटा भाऊ घ्यावा, असं मी म्हणेन. नेम धरायला शिकताना पहिले दोन-तीन डाइव्ह वाया जातात, ते धरून चाला.

ज्यांच्याकडे एकच स्ट्रोब आहे त्यांच्यापुढे तर प्रश्नच नाही. एका भारी स्ट्रोबपेक्षा दोन साधे स्ट्रोब केव्हाही बरे. एका बाजूच्या उजेडाने माशाची दुसरी बाजू सावलीत जाते, आणि ती सावली कितीही ताकदीने भरत नाही. इतरांनी बदलून टाकलेले जुने स्ट्रोब निम्म्या किमतीत मिळतात. नव्याचा हव्यास असलेले मित्र जवळ असणं ही या छंदातली मोठी सोय आहे. घेताना बॅटरीच्या खोलीत हिरवट डाग आहेत का ते बघावं. असले तर खारं पाणी आत जाऊन आलेलं आहे, मग विकणारा काहीही म्हणो.

उरलेले पैसे? माझ्या मते लेन्सवर. हाउसिंगच्या बाहेरून लावायची वाइड वेट लेन्स घेतली की जो मासा एक मीटरवरून चौकटीत बसायचा तो अर्ध्या मीटरवरून बसतो. अंतर निम्मं म्हणजे उजेड चौपट, दोन स्टॉप. शिवाय मधलं गढूळ पाणी निम्मं, रंगाची गळती निम्मी. नव्या स्ट्रोबच्या जोडीपेक्षा कमी पैशांत दुप्पट फायदा. आणि त्याहूनही वर, नुसत्या डायव्हिंगवर. दोन टाक्यांची एक दिवसाची बोट साधारण शंभर ते पावणेदोनशे डॉलरला पडते. नव्या जोडीच्या पैशांत तशा दहा-बारा बोटी होतात. पॉइंट लोबॉसच्या व्हेलर्स कोव्हला काठावरूनच उतरता येतं, आधी जागा राखून ठेवली की झालं. तळाला न टेकता पाण्यात स्थिर तरंगता येणं, हाच मुळात सगळ्यात मोठा बॅकस्कॅटरनाशक आहे. ज्याच्या फिनने गाळ उडतो त्याने कोणताही स्ट्रोब घ्यावा, फोटो एकच येणार.

बदलायचं आणखी एक कारण आहे, आणि ते मी शेवटी ठेवलं कारण ते सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात खरं आहे: भरवसा. स्ट्रोबच्या पोटातला कपॅसिटर म्हातारा होतो. दर दहा फोटोंमागे एखादा उडतच नाही, मग पाचांमागे एक. घराजवळच्या समुद्रात हे चालतं. वर्षभर पैसे साठवून हवाईला किंवा इंडोनेशियाला गेल्यावर चालत नाही. दुरुस्तीला सुटे भाग मिळेनासे झाले की स्ट्रोब निवृत्त करावा, त्याचा गाईड नंबर काहीही असो. विमानाचाही विचार करावा. काही नव्या स्ट्रोबना लिथियमच्या बॅटऱ्या लागतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात, प्रत्येकी शंभर वॅट-तासांची मर्यादा असते. स्ट्रोबच्या बॅटऱ्या त्यात सहज बसतात, पण सुरक्षा तपासणीत डबा उघडून दाखवावा लागतो आणि मागची रांग सुस्कारे टाकते. एए सेलचं सुख हे की ते विमानतळावर कुणी विचारत नाही आणि मालवणच्या बाजारपेठेतल्या किराणा दुकानातही मिळतात.

जुने फोटो चाळताना मला २०१२ मधला एक फोटो सापडला. व्हेलर्स कोव्ह, सनफ्लॉवर स्टार, वीसेक हातांचा, ताटापेक्षा मोठा तारामासा, केशरी-जांभळा. तेव्हा माझ्याकडे एकच स्ट्रोब होता, तोही चुकीच्या जागी लावलेला. अर्धा फोटो ठिपक्यांनी भरलाय आणि उजवीकडचे हात सावलीत आहेत. २०१३ मध्ये तारामाशांना सडवणारा रोग आला आणि हा जीव कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून जवळजवळ नाहीसा झाला. त्याच्यामागे त्याचं खाद्य असलेले जांभळे सी अर्चिन माजले, आणि उत्तरेकडे सोनोमा-मेंडोसिनोत केल्पचं नव्वद टक्क्यांहून जास्त जंगल गेलं. फ्लोरिडातही २०२३ च्या उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं की प्रवाळ पांढरे पडले. तो ठिपक्यांचा फोटो मी पुसणार नाही.

रविवारी मित्राचा स्ट्रोब गोड्या पाण्यात दोन तास बुडवून, पुसून, त्याच्या घरी नेऊन दिला. त्याच्या गॅरेजमध्ये फळीवर बुटांच्या खोक्यात त्याची जुनी जोडी पडली होती, माझ्याच मॉडेलची. केवढ्याला देतोस, विचारलं. "ने रे. सी लायनचा तो अर्ध्या तोंडाचा फोटो मला मोठा छापून दे," म्हणाला. पुणेकराने फुकट दिलं म्हणजे काहीतरी बिघडलेलं असणार, या संशयाने मी घरी आल्या आल्या दोन्ही उघडले. एकाच्या ओ-रिंगवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर, कुत्र्याचा केस होता. तो चिमट्याने काढला, सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं, चार सेल घातले आणि हॉलच्या भिंतीकडे तोंड करून बटण दाबलं. स्वयंपाकघरातून बायको ओरडली, वीज चमकली का म्हणून.